एका पायाचा गमबूट

"हा डबा कुणाचा?" असं विचारायच्या आधीच त्यानं माझा अर्धा मासा संपवला होता!

सुवा शहरातल्या प्रयोगशाळेतला माझा पहिलाच दिवस. बाहेर रिपरिप पाऊस, आत मी उपाशी, आणि हा उंचापुरा मुलगा मजेत बोटं चाटतोय. माझ्या गावाचं नाव ऐकलं मात्र, त्याचे डोळे चमकले.

"अगं, मग आपण तौवू! हक्कच आहे माझा."

झालं! एकाच पूर्वजदेवाच्या दोन गावांची माणसं आमच्यात तौवू. एकमेकांचं काहीही उचलावं, हवं तसं चिडवावं... आणि समोरच्यानं नाही म्हणायचं नाही.

"मग उद्यापासून तुझा डबा माझा!" मी म्हटलं.

"घे ना... फक्त स्वयंपाक भिकार करतो मी."

सोलोमोने त्याचं नाव. दोन वर्षं आम्ही खारफुटीतल्या खेकड्यांमागे हिंडलो. कल्पना त्याची, चिखल तुडवणं माझं, भांडणं दोघांची. माझी छत्री, टॉवेल, पेनं... सगळं त्यानं पळवलं. मन कधी पळवलं, तेवढं मात्र मला कळलं नाही.

मग आमचा पहिला शोधनिबंध तयार झाला आणि पेच पडला. ऑकलंडच्या प्रोफेसरांना त्यांच्या गटात एकच जण हवा होता. निबंधावर ज्याचं नाव पहिलं, तो! "तुमचं तुम्ही ठरवा," एवढंच बोलून आमच्या मॅडम मोकळ्या झाल्या.

सोलोमोनेनं गुपचूप माझं नाव वर टाकलं. मी अशी भडकले!

"भीक घालतोस मला?"

"दोन वर्षं तुझा डबा खाल्लाय गं..."

"कल्पना तुझी होती! ती दुसरी जागा आहे ना तुझी, ती मला हवीय. तौवू मागतेय. नाही म्हणून दाखव!"

डोळे भरले होते लबाडाचे. "मेरेओनी... हे डबा पळवण्यासारखं नाहीये."

"माहितीये मला."

तो गेला. विमानतळावर मी हसले आणि घरी येऊन ढसाढसा रडले. आठवडाभर चिखलाकडे फिरकलेच नाही. मग एका सकाळी निघाले, तर दारात एकच गमबूट!

फोन लावला. "चोरट्या! एका बुटाचं काय लोणचं घालणारेस?"

"दुसरा घेऊन ये ना," तो हसला. "प्रोफेसरांना सांगितलं, हे काम माझ्या एकट्याचं नव्हतंच, पुढचंही एकट्याला जमायचं नाही. म्हणाले, बोलव तिला. इथेही खारफुटी आहे, चिखल आहे..."

"आणि ते नाही म्हणाले असते तर?"

"तर मीच आलो असतो. बूट द्यायला... आणि तुला मागायला. तौवू मागतोय, मेरेओनी. नाही म्हणायचं नाही."

मी म्हटलं, "तौवू मागतोय म्हणून नाही हं... सोलोमोने मागतोय, म्हणून हो."