न आलेल्याची नोंद

"आलेल्यांचं कुणीही मोजेल, बाळांनो. न आलेला का आला नाही, ते आधी विचारा…"

संख्याशास्त्राच्या बाईंचा हा आवाज तिने डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षी ऐकला होता, शेवटच्या बाकावर जांभई देत. आज तोच कानात भुंग्यासारखा घोंघावत होता. रोज चालल्याने रक्तदाब उतरतो का, हा तिचा नि मैत्रिणीचा अभ्यास. सगळ्यांचं मोजून झालं. एक खुर्ची तेवढी रिकामी राहिली — चष्मेवाल्याची.

तसा तो भेटलाही अवचितच. चष्म्याची काडी निखळली म्हणून ती त्याच्या दुकानात शिरली, आणि त्यालाच गळ घालून बसली. "आम्हाला एक माणूस कमी पडतोय. दर आठवड्याला रक्तदाब मोजायला याल?"

"दुखत तर नाही ना, डॉक्टरीणबाई?"

"एवढे घाबरट आहात?"

"तुम्ही मोजणार असाल तर… थोडंसं."

तेव्हापासून तो न चुकता यायचा. बाही दुमडायचा, पट्टा आवळला की गालात हसायचा. गेल्या खेपेला मात्र पारा जरा वर गेला होता. "दगदग झाली असेल," म्हणाला होता. आणि आज — फोन वाजून वाजून थांबलेला.

"सोड गं त्याला," मैत्रीण म्हणाली. "मागचाच आकडा लिही आणि मोकळी हो."

"आणि त्याला काही झालं असलं तर? आजारी पडलेलेच यायचे थांबतात. त्यांना वगळलं की सगळे ठणठणीत दिसतात!"

"आकड्यासाठी एवढं तोंड उतरतं होय कुणाचं?"

ती तशीच जिना उतरली. रस्ता रोजचाच, पण आज सरता सरेना. पाय पुढे, जीव त्याच्याही पुढे. दाराला कुलूप असलं तर… शेजारच्यांनी मान खाली घातली तर…

दुकान उघडं होतं. तो काच पुसत बसलेला, चांगला धडधाकट!

तिला आधी हसू फुटलं, मग डोळेच भरले. "फोन का नाही घेतलात?"

"घेतला असता तर तुम्ही बोलावलं असतं. मग यावंच लागलं असतं."

"मग यायचं ना! माझा जीव… माझा अभ्यास टांगणीला लागला इथे!"

तो पुसलेलीच काच पुन्हा पुसू लागला. "आजची नोंद शेवटची होती. ती झाली की माझ्याकडे तुमचं काम संपलं. म्हटलं, जागा रिकामी राहिली तर… शोधत तरी याल."

"वेडे आहात का? काय काय आलं माझ्या मनात!"

"चुकलं माझं." त्याने मुकाट्याने बाही दुमडली, हात पुढे केला. "घ्या, मोजा." मग इकडेतिकडे बघत थबकला. "यंत्र कुठंय तुमचं?"

तिने आपल्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. कान तापले.

"मोजायला आलेच नाही मी," ती हळूच म्हणाली. "तुम्ही दिसावात म्हणून आले… दर आठवड्याला तेवढीच वाट बघत होते."