काफची करंगळी

१९५८ सालची गोष्ट. अलेक्झांड्रियात अत्तारीनच्या वळणावर ट्राम करकरत वळायची, आणि तिथेच एका तेलाच्या दुकानाच्या माडीवर मादाम आराक्सींचा टायपिंगचा वर्ग भरायचा. तिथे प्रत्येक यंत्राच्या कळांवर लाकडी झाकण असे. हात त्याखाली घालायचे आणि नजर समोरच्या मजकुरावर ठेवायची.

मादाम अर्मेनियन, शिस्तीच्या. रोज सकाळी त्या कळांना रंगीत खडू चोळत. प्रत्येक बोटाच्या कळांना वेगळा रंग. धडा संपला की मुलींनी हात पुढे करायचे. एका बोटावर दोन रंग दिसले, की धडा पुन्हा.

इन्शिराहची उजवी करंगळी लहानपणी उकळत्या तेलात भाजून आखडली होती. करंगळीच्या वाट्याचं हिरवं अरबी 'काफ' अक्षर ती शेजारच्या लाल बोटाने मारायची. मग ते बोट चहाडी करायचं.

"चालवून घ्या ना, मादाम."

"मी घेईन गं. पण हात जागेवरून हलला की पुढची ओळ बिघडते. दिसतेय ना बिघडलेली?"

दिसत होती. बंदराच्या कचेरीची परीक्षा तोंडावर आली होती. बाप नसलेल्या इन्शिराहला मामाने बजावलं होतं: नोकरी लागली तर शहरात राहा, नाहीतर मीन्याकडच्या गावी जा आणि त्याच्या बिजवर चुलतभावाशी लग्न कर.

"नवऱ्याला वाढायला नऊ बोटं पुरतात, पोरी," फूल चघळता चघळता तो हसायचा. फूल म्हणजे तिनेच शिजवलेल्या घेवड्याची उसळ.

एका दुपारी मुली जेवायला गेल्या, तरी ती उठली नाही. करंगळी ताणून ताणून जुन्या व्रणातून रक्त आलं, तरी ती कळेपर्यंत पोचेना. तिने झाकणावर कपाळ टेकलं.

"कुणीतरी मारा गं ती कळ," ती हुंदक्यात म्हणाली. "कुणीही असा."

पुन्हा सुरू केलं तेव्हा काफ पडला. पुढचाही पडला. करंगळीला लागून काहीतरी गार होतं, अरुंद बाकावर कुणीतरी सरकून बसावं तसं. पान कुठेही न बिघडता पुरं झालं. काफ तेवढे जरा जास्त काळे उमटले होते.

तिने हात बाहेर काढले. शेजारचं बोट नुसतं लाल होतं. करंगळीवर रक्त होतं. हिरवा कणही नव्हता.

मादामनी पान पाहिलं, हात पाहिला. झाकण थोडं उचलून त्यांनी आत डोकावून पाहिलं आणि ते लगेच खाली ठेवलं.

"काफचा खडू पुसलाय," त्या म्हणाल्या. "तू मात्र झाकण उचलू नकोस."

परीक्षेच्या यंत्राला झाकणच नव्हतं.

परीक्षक पाठीशी उभा. ताजी, चकचकीत, उघडी यंत्रं. खडूचा मागमूस नाही. पहिल्या ओळीतच काफ आला. तिने खाली पाहिलं.

करंगळी हवेतच होती. कळ खाली गेली.

तिच्या घशातून आवाज निघाला.

"काय झालं गं?"

"थंडी वाजते, साहेब. हातांवर शाल घेऊ का?"

"उन्हाळ्यात?" तो हसला. "घे बाई. अक्षरं चुकली नाहीत म्हणजे झालं."

तिने खांद्यावरची शाल हातांवर ओढली.

मग खाली पाहिलं नाही.

एकही चूक झाली नाही.

ट्राममध्ये शाल झटकताना आतल्या बाजूला हिरवा ठसा दिसला. बोटाच्या टोकाएवढा.

मादामनी पुढे वर्ग मोडला आणि त्या बैरुतला बहिणीकडे गेल्या. सगळी यंत्रं विकली, इन्शिराहचं ते एक सोडून. त्याचं काय केलं कुणाला ठाऊक नाही. मामा मरेपर्यंत कॉफीच्या दुकानात भाचीच्या नोकरीच्या बढाया मारत राहिला. बिजवर चुलतभावाला दुसरी बायको मिळाली. इन्शिराहने कचेरीतल्याच एका कारकुनाशी लग्न केलं आणि निवृत्त होईपर्यंत शालीखालीच टाइप केलं. कचेरी तिला 'थंडीवाली' म्हणायची.

आता ती गॅलरीत बसते. परवा नात, रीम, शेजारी येऊन बिलगली आणि तिने आपला हात आजीच्या मांडीवरच्या शालीखाली सरकवला.

"आजी, किती गार गं तुझा हात!"

 इन्शिराहचे दोन्ही हात चहाच्या पेल्याभोवती होते.