दोन नकाशांमधली फट

थोरली आणि धाकटी, दोघी बहिणींनी घरं घेतली ती मुद्दाम समोरासमोर. थोरली पूर्वेला, धाकटी पश्चिमेला, मधे फक्त एक रस्ता. शहराच्या बरोबर मधून जायचा म्हणून सगळे त्याला मधला रस्ताच म्हणत. थोरलीने कामावरून येऊन डबा भरायचा, रस्ता ओलांडायचा आणि झाकण उघडताना वाफ यायलाच हवी, अशी धाकटीची अट. धाकटीला दमा होता. जिने, धूळ, धावपळ यातलं काहीच तिला झेपत नसे. जिभेला मात्र दमा नव्हता.

"ताई, आज वाफ कमी आहे. वाटेत कुणाशी गप्पा मारत उभी होतीस?"

"चिमे, गप्प बस आणि जेव."

पन्नाशीला टेकलेल्या बाईला चिमी म्हणणारं जगात तेवढंच एक माणूस उरलं होतं.

थोरली नगरपालिकेच्या नकाशा विभागात होती. काय काम करता, असं कुणी विचारलं की ती म्हणायची, "मी शहर सांभाळते," आणि हसायची. ते अगदीच खोटं नव्हतं. शहरातला प्रत्येक रस्ता, प्रत्येक घर, दिव्याचा प्रत्येक खांब तिच्या डेटाबेसमध्ये आकड्यांच्या जोडीने राहत होता. एक आकडा सांगतो पूर्वेला किती, दुसरा सांगतो उत्तरेला किती. एवढ्या दोन आकड्यांच्या भरवशावर खांब आपल्या जागी उभा असतो.

अडचण अशी होती की शहराची पूर्वेची बाजू आणि पश्चिमेची बाजू वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या माणसांनी मोजलेली. समजा, एकाच वर्गातली बाकं मोजायला दोन मुलांना सांगितलं. एकाने दारापासून सुरुवात केली, दुसऱ्याने फळ्यापासून. एकाची पट्टी लाकडाची, दुसऱ्याची उन्हात किंचित ताणली गेलेली. दोघंही प्रामाणिक, दोघांचंही उत्तर आपापल्या परीने बरोबर. पण दोघांचे कागद शेजारी ठेवले की मधलं बाक धड कुठेच बसत नाही. शहराचंही तसंच झालं होतं, आणि ते मधलं बाक म्हणजे मधला रस्ता.

गेल्या हिवाळ्यात धाकटीला जोराचा झटका आला. रुग्णालय पूर्वेला, हाकेच्या अंतरावर. पण रुग्णवाहिकेच्या यंत्राला पलीकडचं शहर जोडलेलंच दिसेना. त्याच्या नकाशात सगळे आडवे रस्ते मधल्या रस्त्यापाशी येऊन तुटत होते. त्याने गाडी लांबच्या पुलावरून फिरवली. गाडी पोचली तेव्हा धाकटीची नखं निळी पडली होती. ती वाचली, पण थोडक्यात.

त्यानंतर थोरली साहेबांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली. "दोन्ही भाग एका मापात आणून एकच नकाशा करू या. मी करते."

"मॅडम, माझ्या आधीच्या साहेबांनीही त्याला हात लावला नाही."

"म्हणूनच मी लावते. माझं माणूस पलीकडे राहतं."

काम किचकट होतं, पण तिच्या हातचं होतं. पश्चिमेचा एकेक थर घ्यायचा, त्याचे आकडे पूर्वेच्या मापात बदलायचे, तपासायचे, ठेवायचे. आधी रस्ते, मग घरं, मग झाडं. शेवटी दोन्ही अर्धी शेजारी ठेवली तेव्हा मधल्या रस्त्यावर, वरपासून खालपर्यंत, केसाएवढी पांढरी फट दिसली.

तिला त्याचं काही वाटलं नाही. माप बदललं की अशी फट पडतेच, या धंद्यातल्या प्रत्येकाने ती पाहिलेली असते. सॉफ्टवेअरला सांगायचं, की एवढ्या अंतरातले बिंदू एकच समज. मग ते दोन्ही कडा ओढून चिकटवतं, शिंप्याने उसवलेली शिवण घालावी तसं. तिने शिवण घातली आणि रुग्णालयापासून धाकटीच्या दारापर्यंतची वाट काढून पाहिली. चार मिनिटं. कितीतरी वेळ ती त्या आकड्याकडे नुसती बघत राहिली.

त्या संध्याकाळी धाकटी म्हणाली, "वाफ नाही आज."

"आत्ताच भरलाय डबा. चुलीवरून थेट तुझ्या ताटात."

"मग चुलीला सांग."

दुसऱ्या दिवशी थोरलीने संगणक उघडला तर फट परत आलेली. कालच्यापेक्षा रुंद. काम साठवायचं राहिलं असेल, असं म्हणून तिने पुन्हा शिवण घातली. पुढच्या सकाळी फट बोटाएवढी. तिने बदलाचं गणित तपासलं, बरोबर होतं. दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून करून पाहिलं. तिथेही शिवण बसली आणि रात्रीतून उसवली.

घराखालचा दुकानदार तिला सुट्टे देताना सहज म्हणाला, "पलीकडचं गिऱ्हाईक हल्ली येईनासं झालंय."

"का हो?"

"लांब पडत असेल." बोलता बोलता तो बरण्या पुसत होता. समोरच्या गिऱ्हाइकाला लांब पडतं, यात काही चुकतंय असं त्याच्या चेहऱ्यावर दिसत नव्हतं.

त्या दिवशी रस्ता ओलांडताना थोरली मुद्दाम पायांकडे लक्ष देऊन चालली. डांबर नेहमीचंच. पण मधोमध एक पट्टा असा लागला, की त्याच्यावर एकही ठिगळ नव्हतं, गाडीच्या चाकाची खूण नव्हती, तेलाचा डाग नव्हता, एक पान पडलेलं नव्हतं. त्या पट्ट्यावर तिला स्वतःच्या चपलांचा आवाज आला नाही.

सकाळी ती टेपकाकांना घेऊन आली. टेपकाका विभागातले जुने मोजणीदार. खिशात कायम फीत. कुणाच्या घरी गेले तर चहा यायच्या आत सोफा मोजून होई, म्हणून हे नाव.

"या रस्त्यात काय मोजायचंय मॅडम? मी स्वतः मोजलाय हा, केस काळे होते तेव्हा."

"एकदा मोजा. माझ्यासाठी."

त्यांनी मोजलं. आकड्याकडे पाहिलं, चष्मा पुसला, फीत उलटी धरून पलीकडून मोजलं. मग फीत गुंडाळली.

"पावणेदोन मीटर जास्त आहे."

"घरं मागे सरकली का?"

"घरं कशी सरकतील मॅडम? घरं आहेत तिथेच आहेत." त्यांनी फीत खिशात ठेवली. "मधे भर पडलीये."

शिवण किती वेळा घातली होती, ते थोरलीला आठवलं. पडद्यावर जेवढं ओढून चिकटवलं, तेवढं इथे सुटलं होतं. असं होऊ शकत नाही हे तिला कळत होतं, आणि फितीवरचा आकडाही तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता.

ती कार्यालयात परतली आणि केलेलं सगळं पुसलं. मूळ डेटाची एक प्रत तिने काम सुरू करण्याआधी वेगळ्या डिस्कवर ठेवली होती. तिला कुणीही हात लावलेला नव्हता. ती प्रत तिने उघडली.

फट तिच्यातही होती, आणि हाताच्या पंज्याएवढी झाली होती.

"साहेब, हे थांबवायला हवं," ती म्हणाली.

"थांबवायचं कसं? वरून विचारणा झालीये. फट मोठी असेल तर अंतराची मर्यादा मोठी धरा आणि बंद करा, झालं."

"बंद केली की वाढते."

साहेब हसले. "मॅडम, थोडी रजा घ्या."

तिने नकार दिला तेव्हा त्यांनी ते काम स्वतःच केलं. एक बटण दाबायचं, एवढंच तर होतं. पडद्यावर दोन्ही अर्धी अशी मिळाली, की शिवण कुठे होती हे सांगता येऊ नये. साहेबांनी सगळ्यांना बोलावून ते दाखवलं. टेपकाका तेवढे उठले नाहीत.

थोरली पर्स घेऊन बाहेर पडली आणि धावतच घरी आली. भर दुपार होती, लख्ख ऊन. चिमीला आजच्या आज अलीकडे आणायचं, मग तिकडचं घर गेलं खड्ड्यात, एवढंच तिच्या डोक्यात होतं. फोन तिने वाटेतच लावला.

"बॅग भर. औषधं, पंप, दोन कपडे. मी येतेय."

"ताई, काय झालं?" आवाज जरा उशिरा आला, मोठ्या दालनातून यावा तसा.

"काही नाही. फाटकापाशी उभी राहा."

ती फुटपाथवरून खाली उतरली.

समोर फाटक दिसत होतं. धाकटी बॅग घेऊन बाहेर आली, तिने ऊन अडवायला कपाळावर हात धरला. थोरली चालू लागली.

डांबर. मग ते बिनखुणांचं डांबर. रहदारीचा आवाज मागे पडला आणि मग नाहीसा झाला.

ती चालत राहिली. धाकटी तेवढीच दिसत होती. अंगठ्याएवढी.

ती भरभर चालली. घाम पाठीवरून उतरला. चपलेचा पट्टा टाचेला कापू लागला.

धाकटी अंगठ्याएवढीच.

थोरलीने मागे वळून पाहिलं. तिची इमारत तिथेच होती, हात लांब केला तर भिंतीला लागेल इतकी जवळ. दुकानदार बरण्या पुसत होता.

ती वळली. एक पाऊल टाकलं आणि आपल्याच बाजूच्या फुटपाथच्या कडेला पाय ठेचला.

फोन वाजला.

"परत का गेलीस ताई?"

"पाय मुरगळला," थोरली म्हणाली.

"तू पण ना! थांब तिथेच. मीच येते."

"नको! चिमे, तू हलू नकोस. तुझा दमा..."

"चार पावलं आहेत. एवढं काय? कायम तूच येतेस."

थोरली ओरडली. फोनमध्ये ओरडली, फोन बाजूला करूनही ओरडली. रस्त्यावरचे दोघं-तिघं थबकले आणि पुढे गेले. पलीकडे त्या अंगठ्याएवढ्या आकृतीने बॅग खांद्याला अडकवली आणि पाऊल फुटपाथवरून खाली ठेवलं.

संध्याकाळपर्यंत समोरची इमारत एक पुसट रेघ झाली. दुसऱ्या दिवशी तिथे आकाशच होतं, खालपर्यंत.

रुग्णवाहिकेचा चालक भला माणूस होता. धाकटीला शोधायला तो तीनदा गेला. तिसऱ्यांदा परत आल्यावर टोपी काढून गाडीला टेकून उभा राहिला.

"स्क्रीनवर चार मिनिटं दाखवतंय, ताई. निघतानाही चार. तासभर गाडी चालवली तरी चारच."

"वाटेत कुणी दिसलं? बॅग घेतलेली बाई?"

"वाटेत काहीच दिसत नाही." त्याने टोपी पुन्हा डोक्यावर घातली. "मला पुन्हा पाठवू नका. मला लहान मुलं आहेत."

नवा नकाशा सुरू झाला. एक शहर, एक नकाशा, अशी पाटी कार्यालयाच्या दारावर लागली. पश्चिमेकडच्या तक्रारी बंद झाल्यामुळे साहेब खूश होते. पलीकडे आपली मावशी राहायची का मामा, हे कुणाच्या फारसं लक्षात राहिलं नाही. टेपकाकांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. जाताना थोरलीला म्हणाले, "मॅडम, मी आता रस्त्यावर समोर बघत नाही. खाली बघून चालतो." थोरली तेवढी रोज कामावर येत राहिली, कारण धाकटीचा फोन आला तर तो तिथे स्पष्ट ऐकू येई.

फोन रोज यायचा. तो बंद कसा पडत नाही, ती काय खाते, कुठे झोपते, हे थोरलीने सुरुवातीला विचारलं, मग सोडून दिलं. धाकटीला त्या प्रश्नांचं हसू यायचं. तिला वाटत होतं, आपण आत्ताच निघालोय. तिला धाप लागत नव्हती. नुसती पावलं टाकण्याचीही चाहूल फोनमधून येत नसे.

मग एका दुपारी, बाहेर ऊन आणि आत पंख्याची घरघर असताना, फोन आला.

"ताई, आता जवळ आले बघ. दिसतेस तू."

थोरली खुर्चीत ताठ झाली. "कुठे दिसतेय?"

"तुझ्या फाटकापाशी, आणखी कुठे? कधीची उभी आहेस अशी हात हलवत. मी बघतेय."

थोरलीच्या एका हातात फोन होता, दुसरा टेबलावर पालथा पडला होता. तिने तो उचलला नाही. खरं सांगावं असं तिच्या मनात आलं. 'मी तिथे नाहीये, चिमे. परत फीर.' पण परत फिरून जायचं कुठे? मागे काही उरलं नव्हतं, हे सगळ्या शहरात तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

"हो," ती म्हणाली. "मीच आहे. ये सावकाश."

"येतेय गं. हात खाली कर आता. दुखेल."

"करते."

टेबलावरचा हात तसाच होता.

"हं," धाकटी समाधानाने म्हणाली. "आता बरं."