रिकामं झालं का?

"चार वाजता जिन्याखालच्या कपाटातून कुणी काही विचारलं, तर 'अजून नाही' एवढंच म्हणायचं. दुसरं काही नाही."

मिसेस टॅपसेलनी हे सांगितलं, तेव्हा मी नुसती मान डोलावली. कॉलेजात शिकलेली बाई मी.

पुढे लिहितेय त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. ११ ऑक्टोबर १९५२, शनिवार. इंग्लंडच्या केंट परगण्यातलं हॉक्सलो गाव. रात्र नव्हती, लख्ख दुपार होती.

आम्ही राहत होतो ते घर पूर्वी मिसेस टॅपसेलचं. महायुद्धाच्या काळात त्या समोरच्या घरात राहायला गेल्या. पण रोज चारला यायच्या. माझ्या कॉलिनला मांडीवर घ्यायच्या आणि चहाला नावं ठेवायच्या.

"कॉलेजात चहा शिकवत नाहीत वाटतं? पत्ती बुडवलीस की पाण्याला नुसती दाखवलीस?"

मग कपाटावर टकटक करून पुटपुटायच्या, "अजून नाही, बाळा."

मला वाटायचं, एकट्या बाईची सवय.

त्या शनिवारी त्यांना ताप आला. म्हणून ते काम माझ्यावर सोपवलं.

चारला मी स्वयंपाकघरात टोपल्यातली सफरचंदं निवडत होते. दीड वर्षाचा कॉलिन खुर्चीत बसून चमचा आपटत होता.

अचानक चमचा थांबला.

बागेत सफरचंदं तोडणाऱ्या बायकांचा गलकाही थांबला...

मग लांबून विमानाचा आवाज आला. बारीक, अडखळत... दम लागल्यासारखा.

मी खिडकीतून पाहिलं. आभाळ मोकळं होतं.

आणि पाठीमागून एका मुलीचा आवाज आला...

"रिकामं झालं का?"

गावातली पोरं खेळायला टोपलं मागायची. शिरली असेल एखादी आत. मी शेवटचं सफरचंद काढत होते. वळूनही न बघता म्हणाले, "झालं गं. ये, घेऊन जा."

कपाटाची कडी वाजली.

इवली पावलं माझ्यामागून धावत गेली... मागच्या दारातून, बागेकडे.

मी वळले. कुणीच नव्हतं. कॉलिनची मान मात्र त्या पावलांबरोबर वळत गेली. त्याने हात हलवून टाटा केला.

विमानाचा आवाज बरोबर घरावर आला... आणि तुटला.

मी कॉलिनला उचललं. दारात शाल गुंडाळून मिसेस टॅपसेल उभ्या होत्या. त्यांना उघडं कपाट दिसलं.

"काय म्हणालीस तू?"

मी सांगितलं. त्या जिन्याच्या पायरीवर बसल्या.

"मीही हेच म्हणाले होते. चाळीस साली जर्मन विमानं दुपारी इथूनच लंडनला जायची. जाताना आवाज जड, येताना हलका. हलका म्हणजे बॉम्ब टाकून पोट रिकामं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळायचं. त्या दिवशी हलका आवाज आला. जिन्याखाली लपवलेल्या माझ्या लेकीनं, आयव्हीनं आतून विचारलं, रिकामं झालं का? मी म्हटलं, झालं, ये चहाला. ती आधी बागेत पळाली."

"आणि?"

"ते लंडनला पोचलंच नव्हतं. त्याला राखणारी छोटी विमानं तेल संपतंय म्हणून अर्ध्यातून फिरली. मग आपल्या वैमानिक पोरांनी त्याचं एक इंजिन फोडलं. म्हणून आवाज हलका. पोट भरलेलंच होतं. एका इंजिनावर तेवढं ओझं घेऊन समुद्र ओलांडता येईना, म्हणून सगळं आमच्या बागेवर टाकलं."

त्यांनी शाल घट्ट ओढून घेतली.

"आमच्यावर त्यांचा रागसुद्धा नव्हता गं."

आयव्ही सहा वर्षांची होती.

"बारा वर्षं मी तिला आत ठेवली होती." मग हळूच म्हणाल्या, "घाबरलेली वाटली का?"

"नाही. खुशीत होती."

खरंच होती. ते ऐकून त्या जास्तच रडल्या.

महिन्याभरात आम्ही ते घर सोडलं. कॉलिन अजूनही चारला दाराकडे बघून हात हलवतो.

काल हॉक्सलोच्या दूधवाल्याचं पत्र आलं. मिसेस टॅपसेल हल्ली एक छोटी बाटली जास्त घ्यायच्या. सोमवारपासून दोन्ही बाटल्या पायरीवर तशाच आहेत. त्याने दार वाजवलं. आत दोघी बोलत होत्या, म्हणून तो परत फिरला...

मी जायला हवं. पण कॉलिनला घेऊन त्या गल्लीत पाय ठेवायची माझी हिंमत होत नाही.

तुम्ही कुणी आसपास असाल, तर आजच जा. चर्चच्या मागे, निळ्या दाराचं घर. बाहेरून आवाज ऐकून परत फिरू नका. आत जाऊन त्यांना डोळ्यांनी बघा.