पांढरा रुमाल काढायचा राहिला

गेल्या हिवाळ्याच्या अखेरीस, एका बुधवारी, दिवे लागण्याच्या सुमारास, शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत ही घटना घडली.

ती खरी आहे. ज्यांना ती कपोलकल्पित वाटेल त्यांच्याशी मी वाद घालणार नाही, असे लिहिण्याची रीत आहे. मी अवश्य घालीन. ती जिच्या बाबतीत घडली ती माझी सख्खी थोरली बहीण. मी तिला उलटसुलट प्रश्न विचारले, तिला चिडवले, खोटी ठरवून पाहिले. तिच्या सांगण्यातला एक टाकाही उसवला नाही. त्या खोल्यांना आज कुलूप आहे आणि किल्ली माझ्याकडे आहे. खालचे शिंपीकाका संध्याकाळी हातात काम नसले तरी शिलाई मशीन चालू ठेवतात.

सगळे तिला ताई म्हणत. ती तिथे पाळणाघर चालवत असे. विकतची खेळणी तिने ठेवलीच नव्हती. बाहुलीच सगळे बोलू लागली तर मुलाने काय बोलायचे, असा तिचा रोकडा सवाल असे. तिच्याकडे होते फक्त रेशमी रुमाल. शिंपीकाकांकडून आणलेले विरळ विणीचे पांढरे रेशीम. कडा तिने स्वतः मुडपून शिवलेल्या. रंग कांद्याच्या सालींचा, बिटाचा, जांभळ्या कोबीचा. शिवून झालेला प्रत्येक रुमाल ती स्वतःच्या तोंडावर ओढून श्वास घेऊन पाही. जरा अडल्यासारखे झाले की तो रुमाल बाद. मुलांच्या बाबतीत ताई कुणावरही विसंबत नसे.

जांभळा अंथरला की नदी होई. पिवळा पाठीवर बांधला की राजा. लाल गुंडाळला की तान्हे बाळ, आणि त्या बाळाला हटकून ताप आलेला.

नियम एकच होता. घरी जाण्याआधी प्रत्येक खेळ मोडायचा. नदी उचलायची, बाळ उलगडायचे, जे झाकले असेल ते उघडे करायचे आणि मोठ्याने म्हणायचे, "संपलं!" तसे न केल्यास मूल अर्धेच घरी जाते आणि अर्धे खेळात राहते, असे ताई म्हणे.

गमतीने म्हणे…

एका रुमालाने मात्र रंग धरला नव्हता. तेच पातेले, तेच पाणी, तीच आच. तो पांढराच राहिला. ताईने तो तसाच टोपलीत टाकला.

पुढे रोज संध्याकाळी तो तिच्या हाताला ओला लागू लागला. सगळा नव्हे. मधोमध एक गोल डाग…

तोंडाएवढा.

"रुमाल कोणी चघळला रे?" तिने विचारले.

"मी नाही! मी राजा होतो. राजा कधी रुमाल खातो का?"

"हा परवा खडू खात होता, ताई!"

सगळे खिदळले. मुंगी तेवढी हसली नाही. सर्वांत लहान आणि सर्वांत गप्प, म्हणून तिला मुंगी म्हणत.

त्याच आठवड्यात मुंगीची आई दारात घुटमळली. ती रुग्णालयात परिचारिका होती. उगाच घाबरणाऱ्यांतली नव्हती.

"ताई, एक विचारू? रागावू नका हं."

"विचारा की."

"घरी ही झोपलेल्या माणसाच्या तोंडावरचं पांघरूण ओढून काढते. माझं, हिच्या बाबांचं. काल सासूबाईंचं काढलं, त्या बिचाऱ्या किंचाळत उठल्या. इथे… कोणी हिचं तोंडबिंड दाबतं का?"

ताईने मनाशी हिशेब केला.

पाळणाघरात मोठे माणूस तिच्याखेरीज एकच होते: मदतीला येणाऱ्या मावशी. साठीच्या, भरदार आवाजाच्या. रडणारे मूल त्या चुटकीसरशी गप्प करीत. आजवर ताई याचे चारचौघांत कौतुक करीत असे. आता तिला प्रश्न पडला… गप्प करतात, पण कसे?

मंगळवारी संध्याकाळी मुले एकेक करून गेली. मुंगी तेवढी आईची वाट पाहत थांबली होती. "खाली जाऊन दोरा आणते," असे सांगून ताई निघाली, पण जिन्यातच थांबली. खालून शिंपीकाकांनी पाहिले.

"काय ताई, स्वतःच्याच घरात चोरी?"

"श्श्!"

तिने दाराच्या फटीला डोळा लावला. आतल्या कोपऱ्यात मावशी गुडघ्यांवर बसल्या होत्या, दाराकडे पाठ करून. पलीकडे मुंगीच्या झग्याचा काठ दिसत होता. मावशींच्या दोन्ही हातांत पांढरे रेशीम होते आणि हात एखाद्या बसलेल्या मुलाच्या तोंडाच्या उंचीवर होते.

"थांब गं. ओढू नकोस आत. सुटतंय…"

आणि एक आवाज.

ओल्या कापडातून श्वास ओढावा, तसा…

ताईने दार धाडकन ढकलले. "काय चाललंय?"

मावशी रुमाल घेऊन उठल्या. "रुमाल काढत होते."

"कोणाच्या तोंडावरून?"

मावशींनी मुंगीकडे पाहिले, मग रिकाम्या कोपऱ्याकडे. "सांगून तुम्हाला पटायचं नाही."

"उद्यापासून येऊ नका. लेकरू गुदमरवता आणि वर तोंड करून बोलता!"

मावशींनी चपला पायात सरकवल्या. "बरं. पण पांढरा रोज काढत जा. विसरू नका."

ताईला ती धमकी वाटली. मुंगीचा चेहरा अगदी कोरडा होता, ही गोष्ट त्या क्षणी तिच्या लक्षातच आली नाही.

बुधवार उजाडला. मावशी नव्हत्या. आता घोर मिटला, असे ताईने स्वतःला बजावले. संध्याकाळी मुले ढग-ढग खेळू लागली. सगळ्यांनी रुमाल एकदम वर उडवायचे आणि ते तरंगत खाली येताना पाहायचे. जांभळा आला. पिवळा आला. लाल आला.

पांढरा कोपऱ्यात उतरू लागला…

आणि जमिनीपर्यंत पोहोचलाच नाही.

बसलेल्या मुलाच्या उंचीवर तो थांबला. खाली खुर्ची नव्हती, उशी नव्हती. रेशीम चारही बाजूंनी ओघळले, जसे डोक्यावरून ओघळते. मग मध्यभागी एक खळगा पडला. आत गेला… बाहेर आला… आत गेला.

तिथे हळूहळू ओल उमटू लागली.

"ती आली," राजा म्हणाला. शेजारची मैत्रीण आल्यासारखे, सहज.

"कोण ती?"

"ती. तिला खेळात घेतलं नाही ना, की रडते."

इतक्यात खालून पालकांच्या हाका आल्या. ताईने मुलांना पंखांखाली घेतल्यासारखे गोळा केले आणि जवळजवळ ढकलत बाहेर काढले. नदी तशीच अंथरलेली राहिली. "संपलं" कोणीच म्हणाले नाही. दार तिने ओढून घेतले.

जिन्यात मुंगीने तिचे बोट घट्ट धरले. "ताई, पांढरा राहिला."

"राहू दे, बाळा."

"तिला काढता येत नाही. मावशी काढून द्यायच्या."

ताई तिला ओढतच खाली घेऊन गेली. मुंगी अखेरच्या पायरीपर्यंत मागे वळून पाहत होती.

मुंगीला आईच्या हवाली करून ताई तडक मावशींच्या घरी गेली. मावशी भाजी चिरत होत्या. त्यांनी बस म्हटले नाही, की ऊठ म्हटले नाही. ताईने उभ्या उभ्या सगळे सांगितले. हात जोडले. चुकले म्हणाली.

"ते राहू द्या," मावशी म्हणाल्या. "येताना रुमाल काढलात?"

ताईने नकारार्थी मान हलवली.

"ती ओढत होती आत? श्वास?"

"हो."

"आणि तुम्ही दार लावून आलात."

"मी घाबरले हो, मावशी…"

मावशींनी सुरी खाली ठेवली. त्यांच्या आवाजात राग नव्हता.

"मग लेकरू तुम्ही गुदमरवलंत, ताई. मी नाही."