याकूबची सॅक

तन्मयच्या सूटकेसचं चाक शुक्रवारी दुपारीच तुटायचं होतं. संध्याकाळी पुण्याचं विमान, शनिवारी सकाळी नऊला आईच्या हृदयाचं ऑपरेशन. "आत नेण्याआधी तुझं तोंड दाखव, मग मला काही होत नाही," असं आईने फोनवर बजावलेलं. तिने दोनदा दुबईचा व्हिसा काढला, दोनदा दुखण्याने रद्द केला. लेकाचं दुबईतलं, करामा भागातलं घर बघायचं राहूनच गेलं होतं.

शेजारच्या फ्लॅटमधला रफिक दाभोळचा. तो एक भलीमोठी हिरवी सॅक घेऊन आला.

"तन्मयभाई, ही न्या. याकूबची. गावी जायलाही तो हीच न्यायचा, डोंगरालाही हीच. माझ्या खोलीत पडून आहे."

याकूब हा रफिकचा रूममेट. दोन महिन्यांपूर्वी रास अल खैमाच्या डोंगरात ट्रेकला गेला आणि उन्हाने कोसळला. दफनही इथेच झालं. दाभोळात त्याच्या अम्मीला शेवटचं तोंडसुद्धा दिसलं नाही बिचारीला.

मेलेल्या माणसाची सॅक! तन्मय जरा कचरला. पण वेळ कुठे होता? त्याने भराभर कपडे कोंबले आणि हातकाट्याच्या हुकाला सॅक टांगली. चौदा किलो. झकास.

तेवढ्यात बायकोने, आभाने, विचारलं, "खालचा कप्पा बघितलास?"

सॅकच्या तळाशी झोपायची पिशवी ठेवायचा वेगळा कप्पा असतो. त्यात एक पार्सल निघालं. कापडात शिवलेलं, अर्ध्या किलोचं, हाताला शालीसारखं मऊ. वर मार्करने लिहिलेलं: 'मैमुनाबी, दाभोळ', खाली फोन नंबर. आखातात राहणाऱ्याला हे सांगायला नको. इथून कुणी गावी निघालं की अख्खी बिल्डिंग त्याच्या हाती काही ना काही देते, आणि एकदा सामानात गेलेलं दुसऱ्याचं पार्सल कुणी बाहेर काढत नाही. स्वतःचे बूट काढतील, पार्सल नाही.

तन्मयने काढलं. "एअरपोर्टवर कुणी विचारलं तर काय सांगू? रफिकला देऊन टाक, तो पाठवेल."

आणि पुन्हा सॅक टांगली. बावीस किलो.

"अगं, हे काय?"

"सेल गेले असतील काट्याचे," आभा म्हणाली. सेल बदलले. बावीस. तन्मयने कपडे काढले, खाऊ काढला, चार्जर काढला. पलंगावर ढीग झाला. रिकामी सॅक टांगली.

बावीस.

आभाने सॅक उलटी करून झटकली. आतून काही पडलं नाही. फक्त वास आला... अत्तराचा, आणि तापलेल्या दगडाचा. एसी सुरू असलेल्या खोलीत तापलेला दगड कुठून आला, हे दोघांनाही कळेना.

"ते पार्सल ठेव परत," आभा हळूच म्हणाली.

"वेडी आहेस का?"

"ठेव म्हणते ना..."

त्याने ठेवलं. काटा दोन किलोवर आला. रिकाम्या सॅकचं वजन जेवढं असावं तेवढंच.  दोघांचं डोकं चालेनासं झालं होतं. शेवटी खाली टॅक्सीवाला हॉर्न वाजवायला लागला, तेव्हा तन्मयने मुकाट्याने सगळं भरलं, पार्सलसकट, आणि सॅक पाठीला लावली. एअरपोर्टवर चौदा किलो भरले, कुणी काही विचारलं नाही.

सकाळी साडेआठला तो सॅकसकट पुण्याच्या हॉस्पिटलात पोचला. आईला स्ट्रेचरवर घेतलं होतं. एवढीशी झाली होती. तन्मयने तिचा हात धरला.

"आलास रे! आणि केवढी ही सॅक! मीसुद्धा मावेन हिच्यात," आई हसली. "घेऊन जा मला एकदा तुझ्या घरी."

"नेतो. बरी हो आधी."

दार बंद झालं, वरचा लाल दिवा लागला. तन्मय बाकावर बसला. हातांना चाळा हवा म्हणून त्याने मोबाइलमध्ये टिपून ठेवलेला पार्सलवरचा नंबर लावला. पार्सल आणलंय, पाठवतो, एवढं सांगितलं की झालं.

"मैमुनाबी खाला? मी दुबईहून, याकूबचं पार्सल..."

"मिळालं हो बाबा." म्हातारीचा आवाज सुखावलेला होता. "शाल छान आहे. आत्ताच घेऊन आला."

"कोण?"

"याकूब. फार बोलत नाही. एवढंच म्हणाला, अम्मी, मी चालत नाही आलो, पाठीवर बसून आलो. आंघोळीला गेलाय. आला की सांगते हं, तुझा फोन होता."

तन्मयने फोन कानावरून काढला. त्याने वाकून खालच्या कप्प्याची चेन ओढली. कप्पा रिकामा होता. अत्तराचा वासही नव्हता.

तासामागून तास गेले. मग एक नर्स आली. "दादा, ही सॅक वाटेत आहे, बाजूला घ्या."

त्याने एका हाताने पट्टा धरून ओढला. सॅक जागची हलली नाही. दोन्ही हात लावले... नाही. रिकाम्या कप्प्यातून वास आला, माक्याच्या तेलाचा. आई त्याच्या लहानपणापासून केसांना लावायची, तेच तेल.

"आई..." तो सॅकवर वाकून पुटपुटला, "उतर गं. आत जा परत. मी नेईन तुला, नीट तिकीट काढून नेईन. अशी नको येऊस..."

नर्स बघतच राहिली. तेवढ्यात लाल दिवा विझला आणि डॉक्टर मास्क काढत बाहेर आले. चेहरा हसरा होता.

"ऑपरेशन उत्तम झालं. आई झोपल्यात. संध्याकाळी बोलतील तुमच्याशी."

तन्मयला रडूच कोसळलं. त्याने डॉक्टरांचे हात धरले, नर्सचे आभार मानले, आभाला फोन करून सांगितलं. मग डोळे पुसले आणि आईकडे जायचं म्हणून सॅक उचलायला वाकला.

सॅक अजूनही हलत नव्हती.