डावी मूठ

माणिकपूरला डॉ. फर्डिनंड यांच्या दवाखान्यात जगन्नाथ अकरा वर्षं एक्स-रे काढत होता. माणूस खोटं बोलेल, फिल्म बोलणार नाही, असं तो ज्याला त्याला ऐकवायचा. पण १९९८च्या श्रावणात, एव्हरशाईन सिटीतल्या त्यांच्या सोसायटीच्या सत्यनारायणाला, त्याच्या सहा वर्षांच्या उन्नतीने प्रसादासाठी डावा हात पुढे केला. भटजींनी द्रोण मागे घेतला आणि चारचौघांत या शहाण्या माणसाचं नाक कापलं गेलं.

दुसऱ्या दिवशी त्याने डॉक्टरांना विचारलं, "डावखुरेपणा जातो का हो?"

"कशाला घालवतोस?" डॉक्टर हसले. "एक तर्क आहे, बरं का. आया मूल डाव्या कुशीत घेतात. काळजाचे ठोके ऐकून ते शांत होतं आणि उजवा हात कामाला मोकळा राहतो. हजारो वर्षं असं चाललं, म्हणून बहुतेक माणसं उजवी झाली असतील. पण सिद्ध काही नाही."

जगन्नाथने सोयीचं तेवढं ऐकलं. डावी बाजू काळजाची, उजवी कामाची. निसर्गानेच वाटणी करून ठेवली होती. त्याच संध्याकाळी दवाखान्यातलं एक क्रेप बँडेज घरी आलं. जेवताना आणि अभ्यासाला बसताना तो लेकीचा डावा हात पोटाशी बांधू लागला.

"अहो, काचतंय तिला," सुरुची, त्याची बायको, म्हणाली.

"होईल सवय."

झाली. दिवाळीपर्यंत पोरगी उजव्या हाताने वरणभात कालवू लागली, अक्षरही वळणदार झालं. डावी मूठ तेवढी मिटलेली राहायची, बँडेज सोडल्यावरसुद्धा.

नोव्हेंबरात तिला खोकला झाला. जगन्नाथनेच छातीचा एक्स-रे काढला. ओली फिल्म उजेडासमोर धरली, तर हृदयाची सावली पार डावीकडे सरकून बरगड्यांना टेकलेली.

"पोरीला तिरकं उभं केलंस," डॉक्टर म्हणाले. त्यालाही तसंच वाटलं. आठवड्याने त्याने तिचे खांदे धरून सरळ केले, डाव्या बाजूची खूण म्हणून शिशाचं अक्षर लावलं, ते दोनदा तपासलं. सावली आता काखेत होती.

ती फिल्म त्याने कपाटात दडवली. खोकला गेला होता, पोरगी खेळत होती. डॉक्टरांना सांगणार काय? बँडेज मात्र सुटलं नाही. चाचणी परीक्षा तोंडावर आली होती.

रविवारी दुपारी दवाखाना बंद असतो. तो तिला अभ्यासावरून उठवून, बांधल्या हातानिशीच घेऊन आला.

"श्वास रोख, बाळा."

डार्करूमच्या लाल दिव्याखाली फिल्म हळूहळू उमटली. त्याने बरगड्या मोजल्या. दोन्ही फुफ्फुसं पाहिली.

मधे काही नव्हतं.

तो बाहेर धावला. उन्नती स्टुलावर पाय हलवत बसली होती, उजव्या हाताने बिस्कीट खात. त्याने तिच्या छातीला कान लावला.

आत सामसूम.

"चुकलं गं माझं," तो रडायलाच लागला. त्याने बँडेजचा एकेक वेढा सोडवला आणि तिची मिटलेली मूठ आपल्या तळहातावर घेतली.

मूठ गरम होती. ती त्याच्या तळहातावर ठोके देत होती. एका लयीत, संथ.

"बाबा," उन्नतीने विचारलं, "आता उघडू?"